मॉसचा शेवटचा पक्षी

हेन्ड्रेच्या खोऱ्यात डिलिस प्यूने आयुष्यभर दोन कामं केली. शाळेच्या स्वयंपाकघरात अठ्ठावीस वर्षं पोरांना जेवू घातलं, आणि दर हिवाळ्यात, शनिवार आला की फेझंट नावाच्या रानकोंबड्यांच्या शिकारीत बंदूकवाल्यांच्या मागे कुत्रा घेऊन उभी राहिली आणि पडलेले पक्षी वेचले. दोन्हीकडे तिचा कायदा एकच. ताटात पडलेलं टाकायचं नाही, आणि रानात पडलेलं सोडायचं नाही.

बाई कडक होती, यात शंका नाही. नवीन कुणी कुत्रा घेऊन वेचायला आलं की डिलिस आधी त्याच्या बुटांकडे बघे, मग कुत्र्याकडे, आणि मग पट्टी पढवायला घेई.

"हे बघ, बंदूकवाल्याचा नेम चुकला तर तू पाहिलं नाहीस. लागला तर पाहिलंस. त्याच्याजवळ स्वतःचा कुत्रा असेल तर आधी विचारायचं, तुमच्या कुत्र्यासाठी कोणते ठेवू? आणि ठेवायचे. जखमी पक्षी आधी, मेलेला नंतर. मेलेला कुठे पळून जात नाही. दुसऱ्याचा कुत्रा ज्याच्या मागे गेलाय, त्याच्या मागे आपला सोडायचा नाही. आपल्या कुत्र्याने किती आणले ते कुणी विचारल्याशिवाय सांगायचं नाही. आणि कुत्रा कुईकुई करायला लागला, किंवा शिट्टी ऐकेनासा झाला, तर गाडीत घालायचा आणि घरी न्यायचा. उद्यापासून नाही. तेव्हाच."

हे नुसतं बोलणं नव्हतं. रोद्री बेव्हन एकोणीस वर्षांचा असताना पहिल्यांदा स्वतःचा कुत्रा घेऊन आला. कुत्रा देखणा होता, पण वाट बघायची त्याला सवय नव्हती. पक्षी पडायला लागले तसा तो रडायला लागला. डिलिसने हाका, म्हणजे काठ्या आपटून रानातले पक्षी बंदुकांकडे उठवायची ती फेरी, संपू दिला आणि मग सगळ्यांसमोर सांगितलं, "रोद्री, ने त्याला घरी." पोरगा कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. शाळेत असताना वाटाणे मोज्यात लपवायचा आणि पकडला गेला की त्याचे कान असेच लाल व्हायचे. तो कुत्र्याला घेऊन गेला. आता तो बेचाळीस वर्षांचा होता आणि हेन्ड्रेच्या रानाचा मुख्य राखणदार होता. कोण कुठे उभं राहील हे आता तो ठरवायचा. तरी तिला तो अजून 'मिसेस प्यू'च म्हणे, आणि ती त्याला 'बाख', म्हणजे आपल्याकडचं 'बाळा'.

आणि मॉस? मॉस हा डिलिसचा पाचवा कुत्रा. काळा लॅब्रॅडॉर, बारा वर्षांचा, तोंडावरचे केस दुधात बुडवल्यासारखे पांढरे. पक्षी आणायचा तर असा, की जिवंत पक्ष्याचं एक पीस वाकडं व्हायचं नाही. समोर येऊन बसायचा, मान वर करायचा, आणि तिचा हात खाली येईपर्यंत तोंड उघडायचा नाही. नवरा गेल्यानंतरच्या अकरा वर्षांत डिलिसच्या घरात दुसऱ्याच्या श्वासाचा जो आवाज होता, तो मॉसचाच.

मॉसचे कान गेल्या हिवाळ्यातच गेले होते. डिलिसला ते कळलं बिस्किटाच्या डब्यावरून. झाकण उघडलं आणि तो उठला नाही. पण झाकली मूठ सव्वा लाखाची. वर्षभर तिने त्याला हातांच्या खुणांवर चालवलं. हात वर, थांब. हात बाजूला, तिकडे बघ. शिट्टी ती अजूनही वाजवायची, पण ती लोकांसाठी. तेवीस वर्षांपूर्वी एका पोराला भर रानात घरी पाठवणारी ही बाई आता स्वतःच्या कुत्र्याचं बहिरेपण पदराआड दडवत होती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. हे तिलाही कळत होतं, म्हणून ती अलीकडे नव्या लोकांना पट्टी पढवत नव्हती.

हाताच्या खुणा चालतात त्या कुत्रा आपल्याकडे तोंड करून असेल तोवरच. जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी मॉस तिच्याकडे पाठ करून एका जखमी नर पक्ष्याच्या मागे धावला. नर बांध ओलांडून पाद्र्याच्या रानात शिरला. पाद्र्याचं रान हा पुढचा हाका होता, दिवसातला सगळ्यात मोठा, आणि पैसे मोजणारे पाहुणे त्यासाठीच लांबून आले होते. डिलिसने शिट्टी फुंकली. पुन्हा फुंकली. मग नुसतीच फुंकत राहिली. मॉस आत गेला, आणि दीड-दोनशे पक्षी एकदम उठून टेकडीपलीकडे, जिथे एकही बंदूक नव्हती, तिकडे निघून गेले. बंदूकवाल्यांची सगळी रांग मान वर करून बघत राहिली. थोड्या वेळाने मॉस बाहेर आला. तोंडात तोच नर, जिवंत, पीसन्‌पीस जागच्या जागी. समोर बसला, मान वर केली.

 वेचणाऱ्याच्या कुत्र्यावर बोलायचं नसतं. हाकेवाला इडवल मॉर्गन, जो अंत्यविधीतही विनोद करतो, तोसुद्धा नुसता म्हणाला, "डिलिस, सँडविच खाणार?" त्यापेक्षा त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

रविवारी सकाळी ती रोद्रीच्या दारात उभी राहिली.

"हंगामाचा शेवटचा शनिवार तेवढा येते," ती म्हणाली. "हाकेवाल्यांचा दिवस. पाहुणे नसतात, कुणाचं नुकसान नाही. त्यानंतर मॉस नाही आणि मी नाही."

"दुसरा कुत्रा घ्या की."

"बहात्तराव्या वर्षी पिल्लू? माझ्यामागे त्याला कोण बघेल, तू?"

रोद्रीने चहा विचारला, तिने नको म्हटलं. खरं तर तिला अजून एक गोष्ट सांगायची होती. त्या दिवशी मॉसने एक पक्षी आणावा, नीट, कुणाचं काही न बिघडवता, आणि मग घरी जावं. त्या पाद्र्याच्या रानावर त्याची सांगता होऊ नये. पण पक्षी मागायचा नसतो. हा नियम इतका जुना होता की तो तिने कधी कुणाला सांगितलाही नव्हता. ती तशीच परत आली.

शेवटच्या शनिवारी जमीन दगडासारखी गोठली होती. वर्षभर काठ्या आपटत रान हाकणारी माणसं त्या दिवशी आळीपाळीने बंदूक धरतात, त्यामुळे आरडाओरडा जास्त आणि नेम कमी.

"इडवल, त्या ढगाने काय घोडं मारलंय तुझं?" कुणीतरी ओरडलं.

"ढग नाही, तुझ्या सासूबाई होत्या," इडवल म्हणाला. "त्याही सुटल्या."

रोद्रीने जागा वाटून दिल्या. डिलिसची पाळी आली तेव्हा तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "मिसेस प्यू, तुम्ही खाली. ओढ्यापलीकडच्या काठावर. एखादा जखमी येतो तिकडे."

तिकडे काय येतं ते तिला पक्कं ठाऊक होतं. तीस वर्षांत त्या काठावर चार पक्षी आले असतील, आणि त्यातलं एक घुबड होतं. ओढा भरून वाहत होता आणि पूल पार खालच्या रस्त्यावर होता. बारा वर्षांचा कुत्रा तो ओलांडून कुठल्याही रानात शिरू शकला नसता. बाकी कशासाठी ही जागा? त्याच्या जागी आपण असतो तर आपणही हेच केलं असतं, हे तिला पटत होतं, आणि पटत होतं म्हणूनच जास्त लागलं. तेवीस वर्षं थांबला आणि वसूल केलंस रे पोरा, असंही एकदा मनात आलं. मग तिला स्वतःचीच लाज वाटली.

पहिला हाका झाला. तिच्याकडे काही आलं नाही. दुसरा झाला. मॉस तिच्या पायाशी बसून वर बघत होता, लांबवर पक्षी पडताना त्याचे खांदे थरथरत होते, पण तो हलला नाही. तोंडातून आवाज नाही. ऐकू येत नसलं तरी रीत कशी विसरेल?

दुपारी कोठारात मटणाचं गरम सूप आणि चीज-पाव होता. डिलिसने नेहमीप्रमाणे चहात भिजवलेल्या मनुकांचा पाव आणला होता. बाहेर इडवल सकाळचे पक्षी नारिंगी दोरीने मानेशी बांधून, एक नर एक मादी अशा जोड्या गाडीच्या दांडीवर टांगत होता.

"रोद्री कुठे गेला? त्याचं सूप गार होतंय," डिलिसने विचारलं.

"गेला असेल पक्ष्यांच्या दाणापाण्याची पिंपं बघायला."

"हंगामाच्या शेवटच्या दिवशी?"

इडवल दोरीशी झगडण्यात अचानक फार गुंतला. डिलिसला ते खटकलं नाही. तिचं मन ओढ्याकाठी होतं.

शेवटचा हाका पाद्र्याच्या रानाचा. डिलिस काठावर उभी राहिली, मॉस पायाशी. वर काठ्यांचा खडखडाट सुरू झाला, मग बंदुका. पडणारा प्रत्येक पक्षी कुठे पडला हे ती सवयीने मनात टिपत होती. तीन त्या कुरणात. एक कुंपणाजवळ. दोन ओकच्या झाडामागे. तिच्या बाजूच्या काठावर एकही नाही. मग कर्णा वाजला आणि हंगाम संपला.

"चल," ती म्हणाली. मॉसला ऐकू आलं नाही, म्हणून तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. पण मॉस उठला तो घराच्या दिशेला नाही. त्याने नाक वर केलं. वारा त्यांच्या पाठीमागच्या काटेरी जाळीकडून येत होता. तो तिकडे निघाला.

तिचा हात शिट्टीकडे गेला. तिथे काही पडलेलं नाही, हे ती शपथेवर सांगू शकली असती. मग हात खाली आला. आज बिघडवायला पुढचा हाकाच नव्हता. जाऊ दे, असं आयुष्यात पहिल्यांदा तिने कुत्र्याच्या बाबतीत म्हटलं.

मॉस जाळीत घुसला. काटे त्याच्या पाठीवरून खरवडत गेले. बराच वेळ नुसती पानं हलत होती. मग तो उलट्या पावलांनी बाहेर आला. तोंडात एक मादी. तो सावकाश चालत आला, मागचा एक पाय जरा ओढत, समोर बसला आणि मान वर केली.

डिलिसने हात खाली केला. मादी गार होती. नुकता पडलेला पक्षी पिसांखाली पावासारखा उबदार असतो. ही आखडलेली होती, सकाळची. आणि तिच्या मानेभोवती नारिंगी दोरीचा फास तसाच होता, गाठीसकट.

 मग हातमोजा काढून तिने ती गाठ सोडवली. बोटं गारठली होती, डोळ्यांत पाणी होतं, म्हणून वेळ लागला. दोरी तिने खिशात टाकली. मग ती त्या गोठलेल्या गवतावर गुडघे टेकून बसली, मॉसचं पांढरं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि त्याला शाबासकी दिली, त्याने पहिला पक्षी आणला तेव्हा दिली होती तशी, मोठ्याने, त्याला ऐकू येत नसताना.

गाडीपाशी सगळे जमले होते. रोद्री दांडीवरच्या जोड्या उगाच इकडच्या तिकडे करत होता.

"सगळे मिळाले, मिसेस प्यू?" त्याने विचारलं. हा प्रश्न राखणदार प्रत्येक हाक्यानंतर प्रत्येक वेचणाऱ्याला विचारतो.

"एक मिळाला. मॉसने आणला."

"वा."

"गार होता."

"जानेवारी आहे," रोद्री म्हणाला. "सगळंच गार आहे."

त्याचे कान लाल झाले होते. इडवल आभाळाकडे बघत होता. बाकीच्या बारा-तेरा जणांना बुटांचे बंद एकाच वेळी बांधायचे होते. सगळ्यांना माहीत होतं तर! डिलिसला हसू आलं आणि रडूही आलं. नेम चुकला तर तू पाहिलं नाहीस. तिचाच नियम.

तिने रोद्रीचा हात हातात घेतला, त्यात दोरी ठेवली आणि त्याची मूठ मिटवली.

"पुढच्या वेळी कुणासाठी असं करशील," ती हळूच म्हणाली, "तर आधी गाठ सोडायची, बाख."

रोद्रीने मुठीकडे बघितलं.  "आठवण करून द्यायला तुम्ही लागाल इथे," तो म्हणाला. "ऑक्टोबरात, नव्या हंगामाला, तीन नवे येतायत वेचायला. एकालाही कुठे उभं राहायचं कळत नाही."

"कुत्र्याशिवाय मी काय करू रानात?"

"शाळेत कुठे होता तुमच्याकडे कुत्रा? आम्ही ऐकायचोच की."

"वाटाणे सोडून," ती म्हणाली, आणि मग सगळेच हसले.

तिने मॉसला उचलून गाडीत ठेवलं. आता त्याला उडी जमत नव्हती. स्टिअरिंगमागे बसल्यावर तिच्या डोक्यात आलं की मॉसचे कान गेलेत, नाक नाही. त्या मादीला रोद्रीच्या हाताचा वास असणार, दोरीचा, सकाळपासून शेजारी टांगलेल्या नराचा. मॉसला जाळीत शिरायच्या आधीच सगळं कळलं असणार. तरी तो काटे खात आत गेला, ती घेऊन आला, समोर बसला आणि मान वर करून तिच्या हातात दिली. कुणी प्रेमाने काही ठेवलं असेल तर ते नीट उचलावं, विचारू नये, हे त्याला तिच्याआधी कळलं होतं.

"कळलं होतं ना रे तुला, लबाडा?" तिने विचारलं.

मॉसला ऐकू आलं नाही. तो झोपला होता. ओठाला एक तपकिरी पीस चिकटलं होतं. ते तिने तसंच राहू दिलं आणि गाडी सुरू केली.