टेबलावरचं पुस्तक

वाचनालयातल्या शिपायाला सगळे मामा म्हणत. अंगानं काटकुळे, खांद्यावर फडकं, आणि नजर अशी, की पान उलटायला कुणी बोटाला थुंकी लावू म्हटलं तर बोट तोंडाशी जाऊन मुकाट परत येई. पुस्तक घरी न्यायची सोय नव्हती; इथंच बसायचं, इथंच वाचायचं, आणि उठताना पुस्तक जिथलं तिथं ठेवायचं, हा मामांचा कायदा. सव्वीस वर्षांत तो सगळ्यांच्या अंगवळणी पडला होता. संध्याकाळी लांब टेबलं कापणी झालेल्या वावरासारखी मोकळी दिसत. दार लावण्याआधी मामा त्यांच्याकडे बघत उभे राहत. माणूस आपल्या कामाकडे असं बघत असतो तेव्हा त्याला हाक मारू नये.

एका सोमवारी मोठ्या कचेरीकडून संशोधक बाई आल्या. वाचनालयाचा वापर किती होतो, ते त्यांना आठवडाभर मोजायचं होतं. वापर म्हणजे काय, यावर शहाण्या माणसांनी पुष्कळ डोकं चालवलं होतं आणि जे निघालं ते बाईंच्या कागदावर छापलं होतं : दिवसअखेर टेबलावर राहिलेलं पुस्तक म्हणजे वापरलेलं पुस्तक.

सोमवारी बाईंनी टेबलं मोजली. शून्य. मंगळवारी शून्य. बुधवारी एक काहीतरी दिसलं, तो कुणाचातरी चष्म्याचा डबा निघाला.

बाई भल्या होत्या. त्यांनी मामांना बाजूला घेऊन खरं ते सांगितलं. शनिवारपर्यंत शंभर झाली नाहीत तर वाचनालय बंद, पुस्तकं खोक्यांत आणि मामा कचेरीच्या तळघरात, जुन्या फायलींवर. खुर्च्या भरलेल्या असतात ते दिसत नाही का, असं मामांनी विचारलं. दिसतं, पण माणसांचा रकानाच नाही, असं बाई म्हणाल्या.

"बरं, तुम्ही तीन दिवस ते जाडं पुस्तक वाचताय. ते कुठाय?"

बाईंनी टेबलाकडे पाहिलं, मग फळीकडे. त्यांचा चेहरा पडला.

"ठेवून दिलं," त्या म्हणाल्या. "तुम्ही बघत होता ना."

गुरुवारी मामांनी हॉलच्या मधोमध उभं राहून जाहीर केलं, की आजपासून कुणीही पुस्तक जागेवर ठेवायचं नाही. लोकांना वाटलं, मामा परीक्षा घेताहेत. म्हातारे शिंपीआजोबा पुस्तक टाकून दारापर्यंत गेले, जोडे घातले, जोडे काढले आणि परत येऊन पुस्तक फळीवर ठेवून गेले. असं उघडं टाकून गेलं तर घास उतरत नाही, म्हणाले. संध्याकाळी अकरा भरली. खरं तर पंधरा होती, पण चार मामांनीच उचलली. हात शिवशिवतात त्याला ते काय करणार?

घरी मामींनी सगळं ऐकून घेतलं.

"उद्या आत पाऊलच टाकू नका. पायरीवर बसा, दाराकडे पाठ करून."

मामा बसले. आत पुस्तक टेबलावर धपकन पडलं की त्यांचे खांदे उडत. मामा दिसत नाहीत म्हटल्यावर लोकांची भीड चेपली. शुक्रवारी अठ्ठेचाळीस, शनिवारी एकोणऐंशी. त्यात बाईंचं जाडं पुस्तकही होतं. ते धरावं की नाही यावर त्यांनी बराच वेळ विचार केला आणि धरलं.

वाचनालय वाचलं. बाईंनी अहवालात लिहिलं, की आठवड्याच्या उत्तरार्धात इथल्या लोकांत वाचनाची विलक्षण ओढ निर्माण झाली. कारणं शोधण्यासारखी आहेत.

सोमवारी मामांनी जुना कायदा पुन्हा पुकारला. कोण ऐकतंय! शिंपीआजोबा तर तीन-तीन पुस्तकं पसरून ठेवू लागले.

"वापर दिसायला नको का मामा?"

आता संध्याकाळी मामा पुटपुटत एकेक पुस्तक गोळा करतात. उघडं राहिलेलं पान मिटण्याआधी त्यावर नजर पडतेच. परवा आजोबांच्या पुस्तकात अशी नजर पडली आणि मामा फडकं हातात धरून उभ्याउभ्या अकरा पानं वाचत गेले. दुसऱ्या दिवशी आजोबा आले तर ते पुस्तक टेबलावर नाही, फळीवरही नाही. त्यांनी मामांना विचारलं. मामांनी मान वर न करता बोटानं थांबा अशी खूण केली.