इर्जिकीच्या दिवशी छातीत कळ

नवऱ्याचं तोंड राखेसारखं झालं होतं आणि तो एक हात छातीवर दाबून भाताच्या खाचरात, चिखलातच बसला होता. पाऊस उघडला होता, तरी कपाळावर पाणी. मी पदरानं पुसलं, पुन्हा आलं. हात लावला तर अंग गार, चिकट.

"छातीवर कुणी पाटा ठिवल्यावानी वाटतंय," तो म्हणाला. "डावा हातबी जड झालाय."

औंढे गावात त्या दिवशी आमची इर्जिक होती. म्हणजे अर्धं गाव मजुरी न घेता आमच्या भातलावणीला आलेलं, आणि दुपारी आमच्याकडून त्यांना मटणाचं जेवण. जितकी माणसं तितके डॉक्टर.

"पित्त हाय. सोडा पाजा," चुलतदीर म्हणाला.

"वाकून वाकून नस धरली आसंल," शेजारीण म्हणाली. "बाम चोळा की."

सोडा पाजला, बाम चोळला. दुखणं जबड्यात चढलं आणि बोलताना त्याला धाप लागू लागली.

"दवाखान्यात चला," मी म्हणाले.

"येडी का काय तू? माणसं माझ्या शब्दावर आलीत. मालकच उठून गेला तर पुढच्या साली माझ्या बांधावर कोण येईल?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मरायला टेकलेल्या माणसाचा मोठेपणा लोकांना फार आवडतो.

"व्हय वयनी, येवढी दोन खाचरं उरकू द्या," चुलतदीर म्हणाला. "मग जेवून निघू."

जेवून! मी बांधावर गेले, मटणाच्या पातेल्यावर झाकण घातलं, झाकणावर धोंडा ठेवला आणि शेजारी बसले.

"ह्यांना गाडीत घातल्याबिगर कुणाला रस्सा मिळायचा न्हाई. कुत्र्यांना घालीन, पन तुमाला न्हाई."

मग मात्र सगळ्यांना आजाराचं गांभीर्य कळलं. चौघांनी त्याला नवरदेवासारखा अलगद उचलला. रस्त्यावर पवनानगरहून आलेली जीप सीटा भरायची वाट बघत उभी होती. चुलतदिरानंच आतल्या माणसांना खाली उतरवलं आणि ड्रायव्हरला दामटलं.

लोणावळ्याच्या दवाखान्यात छातीला वायरी लावून ईसीजीची पट्टी काढली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कधीपासून दुखतंय?"

"आत्ताच, जरासं," नवरा म्हणाला.

"सकाळच्या चहापासून," मी म्हणाले. "चोरून छाती चोळत व्हते."

हार्ट अटॅक होता. बाई चिडल्या. असं दाबल्यासारखं दुखून हाताकडे, जबड्याकडे गेलं, घाम सुटला, धाप लागली, तर एक मिनिटही घरी थांबायचं नाही, म्हणाल्या. बायकांना तर कधी नुसती मळमळ आणि थकवा येतो, तेही अंगावर काढायचं नाही. लगेच अँब्युलन्सनं मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथं हृदयाची बंद पडलेली नस उघडली.

आता गावात जो तो सांगतो, आम्हीच वेळेवर हलवला. नवरा त्यांचे आभार मानतो. माझ्याबद्दल म्हणतो, "हिनं भरल्या इर्जिकीत माझं नाक कापलं."

म्हणू दे. तो जगला.