हुकावरचा रंग

विनेश वायरमनने आमच्या नुकत्याच रंगवलेल्या खोलीत शिडी लावली आणि पंख्याच्या हुकावर थेट कानस चालवायला घेतली, तेव्हा मी त्याच्यावर खेकसलोच. रंगाचे टवके सगळे बिछान्यावर. "काका, लोखंड दिसल्याबिगर मी पंखा टांगत न्हाय," एवढंच तो म्हणाला. मग वजन पेलतं का बघायला हुकाला वाळूचं पोतं अडकवलं आणि जेवायला निघून गेला. चौलात त्याला सगळे 'पोतंवाला' म्हणतात. मीही म्हणायचो. नंतर कारण कळलं आणि माझी मलाच लाज वाटली.

सहा वर्षांपूर्वी त्याची बहीण किशोरी बाळंतपणाला माहेरी आली होती. लेक येणार म्हणून त्यांची आई आवडाबाई हिने खोली स्वतः रंगवली आणि हातासरशी गंजलेल्या हुकालाही होडीचा उरलेला तेलरंग फासला. इथली खारी हवा लोखंड खाते आणि आपण दरवर्षी वरून रंग चढवून मोकळे होतो. विनेश घाईत होता. चकचकीत हूक बघून त्याने पंखा चढवला. बाळ तीन आठवड्यांचं असताना तो हूक तुटला. आवडाबाई तेव्हा नातीला तेल लावत बसली होती. वर काहीतरी कडकडलं तशी ती पोरीवर ओणवी झाली. पोर वाचली, आवडाबाई गेली.

किशोरीने भावाशी बोलणं सोडलं नाही. पण काशीदच्या आपल्या घरात तिने छताला पंखा म्हणून लावू दिला नाही. गेल्या मे महिन्यात तिचा फोन आला. पोर घामोळ्यांनी रात्रंदिवस रडते, टेबलफॅन पुरत नाही. "दादा, तूच ये." शिडी धरायला मी सोबत गेलो.

त्याने मेन स्विच बंद केला. रंग खरवडला. आतलं लोखंड चांगलं जाडजूड निघालं, तरी पोतं टांगलंच आणि चहाच्या वेळेपर्यंत काढलं नाही. पंखा चढवल्यावर बोल्टात पिन घातली, तिचे दोन्ही पाय फाकवले. खाली उतरला, पुन्हा चढला, पुन्हा ती पिन चाचपली. "बास की रे आता," मी वैतागून म्हणालो. बटण दाबलं. पंखा जराही न डुलता फिरू लागला.

किशोरी दारातच उभी होती. म्हणाली, "दादा, आधी तू झोप तिथं."

तो पंख्याखाली लादीवर आडवा झाला, डोळे सताड उघडे ठेवून. तेवढ्यात आजीने वाचवलेली तीच पोर, नूतन, "मामा, मामा" करत त्याच्या कुशीत शिरायला धावली. किशोरीने तिला दंडाला धरून मागे ओढलं.

"आज न्हाय," ती म्हणाली.

मला तिचा राग आला, खरंच आला. विनेशला आला नाही. पंख्यावरची नजर न काढता तो म्हणाला, "बरोबर हाय तुझं. उद्या पन येतो झोपायला."