गच्चीवरची गाडी

आमच्या सासूबाई माझ्यासमोर कधी बसल्या नाहीत. लग्नानंतर पहिल्यांदा हैदराबादेतल्या त्यांच्या बरकतपुऱ्याच्या घरी जेवायला गेलो तेव्हा त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. डोक्यावर पदर, नजर माझ्या ताटावर. मला वाटलं, वाढायची घाई असेल. पुढे कळलं की घाईबिई काही नाही, त्यांची जागाच ती. जावई घरात आला की खुर्ची, पलंग, सतरंजी, सगळं त्यांना वर्ज्य. मी हॉलमध्ये असेपर्यंत त्या उभ्या, आणि मी पडलो रेंगाळणारा माणूस. शेवटी वैशाली, म्हणजे माझी बायको, कानाशी येऊन म्हणायची, जरा खाली जाऊन पान खाऊन ये, बाईला टेकू दे.

घरातले सगळे त्यांना बाईच म्हणत. नांदेडकडच्या शेतकरी घरांत आईला बाई म्हणायची रीत आहे, आणि हैदराबादेत एवढी वर्षं काढूनही त्या घरातली रीत काही बदलली नव्हती. मीही बाई म्हणू लागलो, कारण ‘आई’ म्हटलं की त्या पदर आणखी पुढे ओढून घ्यायच्या. मी नाशिकचा. आमच्याकडे सासू जावयाबरोबर पत्ते खेळते आणि हरली की भांडते. त्यामुळे सुरुवातीला मी उत्साहाच्या भरात त्यांच्यासाठी खुर्ची ओढून ठेवायचो. त्या खुर्ची पदराने पुसायच्या आणि तिच्यावर माझी बॅग आणून ठेवायच्या.

मात्र जावयाशी बोलायला त्यांची ना नव्हती. उभ्या उभ्या तासभर बोलत. त्यांचा आवडता शब्द होता इंतजाम. लग्न असो, आजारपण असो, नाहीतर गॅसचा सिलिंडर असो, इंतजाम बराबर असला की माणूस परेशान होत नाही, असं त्यांचं ठाम मत. सासरे जाऊन बराच काळ लोटला होता. त्या एकट्या वरच्या मजल्यावर राहायच्या, वर मोकळी गच्ची. आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाहून, कुकटपल्लीहून, रविवारी यायचो, आणि आम्ही यायच्या आतच आमच्या परतीचा इंतजाम दाराशी पिशवीत भरून तयार असायचा.

एका रविवारी माझ्या मुलीने, रेणूने, त्यांना मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. न्यूझीलंडमधलं कुठलंसं कुटुंब कॅराव्हॅन घेऊन फिरत होतं. गाडीतच चूल, गाडीतच पलंग, दार उघडलं की समोर तळं. रेणूचं मराठी इथल्या मुलांचं असतं तसं, चार भाषांचं कालवण. ती म्हणाली, “आज्जी, देख ना, पूरा घरच चालतंय.” बाईंनी फोन लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला आणि म्हणाल्या, “हौ की. ही तर आपली जत्रंची गाडी.”

मग त्यांनी आम्हाला त्यांच्या लहानपणची जत्रा सांगितली. छप्पर घातलेली बैलगाडी, आत गवतावर अंथरलेल्या गोधड्या, मागे लटकवलेली घागर. सगळं घर गाडीत बसून निघायचं, वाटेत मुक्काम करत जायचं. आणि त्या गाडीत, बाई सांगत होत्या, एरवी कुणासमोर न बसणारी त्यांची आई पाय लांब करून बसायची, पदर खांद्यावर टाकून केस विंचरायची. पुढे गाडीवान असायचा, पण तो परका माणूस असला तरी त्याची पाठच दिसायची. तो समोर बैलांकडे बघणार, मागं कशाला बघतोय. मुक्काम आला की बाईंचे वडील हाक द्यायचे, गाडी सोडा. मग बैल मोकळे व्हायचे आणि गाडीवान मागे वळून हसायचा, पोचलो म्हणून.

हे सांगताना बाईंचा चेहरा असा काही झाला होता की त्या दिवशी पान खायला खाली जायचं मी विसरलो. परत येताना मेट्रोत वैशाली आणि मी एकदमच म्हणालो की न्यूझीलंडला जायचं. आम्ही कुणीच कधी परदेशी गेलो नव्हतो. पण पहिलीच वारी करायची तर अशी करू, आणि बाईंना घेऊन करू. मला त्यांना एकदा त्या गाडीत बसलेलं बघायचं होतं.

पुढच्या रविवारी गच्चीवर गेलो तर तिथे गाडी उभी होती. बाईंनी रेणूकडून फोनवर मापं घेऊन सबंध कॅराव्हॅन रांगोळीने काढली होती. पलंगाच्या जागी उशा, चुलीच्या जागी तीन दगड, पुढे चालकाची चौकट, आणि दारात कमळ. रेणूने टेपने मोजली तर खऱ्या गाडीपेक्षा चांगली हातभर रुंद भरली. बाई म्हणाल्या, लेकरू झोपेत हातपाय आपटतं, जरा मोकळं असू दे. भाड्याने देणारी कंपनी गाडी रुंद करून देत नाही हे त्यांना पटवायला आम्हाला दोन रविवार लागले.

दुसरी अडचण देवांची निघाली. घरात देव पूर्वेला तोंड करून बसतात. मग वळणाऱ्या घरात त्यांनी काय करायचं? बाईंनी या प्रश्नावर आठवडाभर विचार केला. शेवटी चुलीशेजारी एक लहानसं कमळ काढून त्यांनी निकाल दिला, “गाडीत बसला की देव पण पाहुणाच. पाहुण्याला बसवावं तिथं बसतो.” तेव्हापासून मी प्रवासात देवाला हात जोडताना दिशा बघत नाही.

ते हिवाळ्याचे रविवार मला अजून स्वप्नासारखे वाटतात. ऊन उतरलं की आम्ही गच्चीवर जायचो. नियम एकच, रांगोळी ओलांडायची नाही, दारातूनच आत यायचं. कबुतरं तेवढी भिंतीतून यायची. रेणू चालकाच्या जागी बसून अंगठ्याने हॉर्न वाजवायची. शेजारच्या गच्चीवर तेलुगू आजी मिरच्या वाळत घालायच्या, त्या लाल मिरच्यांचं आम्ही फुलांचं माळरान केलं. पाण्याच्या टाक्या म्हणजे डोंगर. काचीगुडा स्टेशनात आगगाडी शिट्टी द्यायची, कुठूनशी अजान यायची, आणि आम्ही चौघं दुधाळ निळ्या तळ्याकडे निघालेले असायचो. कुणीतरी म्हणायचं, डाव्या हाताला मेंढ्या. सगळे डावीकडे बघायचो.

बाईंचं बघणं मात्र इंतजामाचं. पाणी कुठं भरायचं, खरकटं पाणी कुठं सोडायचं, तिकडं येसर नेऊ देतात का. येसर म्हणजे भाजून दळलेला मसाला, आमटीत पडला की मराठवाड्याचा माणूस जगात कुठेही जेवतो. दिवस मावळायच्या आत मुक्काम गाठायचा हा त्यांचा कायदा होता. तिकडे उन्हाळ्यात रात्री जेवणाच्या वेळेपर्यंत उजेड असतो, असं मी सांगितलं तेव्हा त्यांनी टाक्यांमागे कलणाऱ्या उन्हाकडे बघितलं. मग हळूच म्हणाल्या, म्हणजे तिथं बाईमाणसाला स्वैपाकाची घाईच नाही.

हे सगळं त्या बोलायच्या कुठून? तर गाडीच्या बाहेरून. रांगोळीच्या दाराशी, कमळाच्या अलीकडे, पदर धरून उभ्या. मी आत असलो की त्या आत येत नसत. आणि एक दिवस, गाडी किती जणांची घ्यायची ते कंपनीला कळवायची वेळ आली तेव्हा, माझ्या लक्षात आलं की रांगोळीत उशा तीनच आहेत. मी वैशालीला खूण केली. ती बाईंना जिन्यात घेऊन गेली. मला वाटलं, उशी काढायची राहिली असेल. पण जिन्यातला आवाज गच्चीवर स्पष्ट येतो.

“जावयासमोर पाय लांब करून निजू का मी? त्या गाडीला दुसरी खोली हाय का?” बाई म्हणत होत्या. “तुम्ही जाऊन या. मी हितनं इंतजाम बघते.”

वैशाली परत आली ती डोळे पुसत, आणि मागोमाग बाई येऊन कमळापाशी उभ्या राहिल्या. एवढे दिवस त्या आमची गाडी काढत होत्या, स्वतःची नाही. मला राग आला, आणि कुणाचा करावा ते कळेना. जुन्या रिवाजाशी वाद घालता येत नाही, आणि घातला असता तर त्या गाडीपासून आणखी दोन पावलं लांब गेल्या असत्या. मी नुसताच उठून रेणूला बाजूला केलं आणि चालकाच्या चौकटीत बसलो. कठड्याकडे तोंड, गाडीकडे पाठ. तिथे बसल्यावर जे सुचलं ते बोलून टाकलं.

“बाई, मी गाडीवान. आजपासून मागं बघणार नाही. झोपायला मला चालकाच्या डोक्यावरचा माळा आहे, त्याला पडदा आहे. तुम्ही बसा.”

मागे बांगड्या वाजल्या, गुडघा कटकन बोलला, आणि एक लांब सुस्कारा ऐकू आला, दिवसभराचं ओझं खाली ठेवल्यावर येतो तसा. वैशालीने नंतर सांगितलं, बाईने पाय पसरले, पदर खांद्यावर घेतला आणि रेणूची वेणी घालायला घेतली. मी फक्त मिरच्यांकडे बघत होतो. थोड्या वेळाने मागून आवाज आला, “हाका.” मी बैल हाकल्यासारखी जीभ टाळ्याला लावून आवाज काढला आणि आम्ही निघालो. त्या आठवड्यात मी चार जणांची गाडी ठरवली, आणि पुढच्या रविवारी रांगोळीत चौथी उशी होती.

त्यानंतर आमचे रविवार वेगळेच झाले. मी माझ्या चौकटीत, त्या मागे. उभ्याने कधी न बोललेलं त्या बसून बोलल्या. हैदराबादेत नवीन आल्या तेव्हा बाजारात भाषेला घाबरून मुक्याने भाजी घ्यायच्या ते, माझ्या सासऱ्यांनी एकदा त्यांना सिनेमाला नेऊन स्वतः झोप काढली ते. एखाद्या माणसाची अशी ओळख नुसत्या पाठीला होऊ शकते हे मला माहीत नव्हतं. गच्चीवरून खाली उतरलो की मात्र मी पुन्हा जावई आणि त्या दारात उभ्या. मला त्याचं वाईट वाटेनासं झालं. आमची गाडी वर उभी होती.

पासपोर्टसाठी त्यांचा फोटो काढून आणला, आणि त्याच सुमारास जिना चढताना त्यांना धाप लागू लागली. हृदय थकलंय, विमानाचा लांबचा प्रवास नको, असं डॉक्टरांनी सांगितलं. पुढे बरं वाटेल का, असं वैशालीने विचारलं, तर ते गोळ्यांची चिठ्ठी लिहायला लागले. आम्ही गाडी रद्द केली. बाईंना ते सांगायची जबाबदारी मी घेतली आणि निभावली नाही. पण त्यांनीच एके दिवशी म्हटलं, रांगोळी पुसली गेली असंल ना.

आम्ही त्यांना कुकटपल्लीला आमच्याकडे आणलं. तिथे नवीनच पंचाईत. मी खोलीत पाऊल टाकलं की त्या अंगात होता नव्हता तेवढा जीव गोळा करून उठायला बघायच्या, चाचपत पदर शोधायच्या. ते बघवेना. मी स्टूल घेतलं, पलंगाच्या पायथ्याशी खिडकीकडे तोंड करून ठेवलं आणि त्यांच्याकडे पाठ करून बसलो. म्हटलं, “बाई, गाडीवान आलाय.” मागची धडपड थांबली. उशीवर डोकं टेकल्याचा आवाज आला. मग अगदी बारीक, “हाका.”

त्या खिडकीतून मेट्रोचा पूल दिसतो, काचेच्या इमारती दिसतात, आणि बाजूला अजून न विकला गेलेला एक मोकळा तुकडा, ज्यात म्हशी चरतात. ऑफिसातून आलो की मी रोज तिथे बसायचो आणि समोर दिसेल ते सांगायचो. मेट्रोला ओढा केला, इमारतींना बर्फाचे डोंगर. म्हशींना मेंढ्या म्हणालो तर मागून हसू आलं. त्या म्हणाल्या, म्हशी म्हशीच राहू द्या, तिकडं पण कुणी पाळत असंल. कधी विचारायच्या, तळं आलं का. मी म्हणायचो, अजून थोडं आहे. मला तळ्याशी पोचायचं नव्हतं.

शेवटी एका संध्याकाळी वैशाली त्यांच्या उशाशी बसली होती, रेणू पाय दाबत होती आणि मी माझ्या स्टुलावर होतो. बाहेर अजून उजेड होता. बाईंनी तळ्याचं विचारलं नाही. त्या म्हणाल्या, “गाडी सोडा आता, जावईबापू.”

मी तसाच बसून राहिलो. वळायचं नाही असा माझा शब्द होता.

“वळा हिकडं,” त्या म्हणाल्या. “इतक्या वर्षांत तुमचं तोंड नीट बघितलंच नाही मी.”

मी वळलो. डोक्यावर पदर नव्हता. पांढरे केस रेणूने दोन वेण्यांत घातले होते, आणि पाय चादरीबाहेर लांब पसरले होते. त्या माझ्याकडे पहिल्यांदाच सरळ बघत होत्या, आणि पोचलो म्हणून हसायचं काम त्या दिवशी गाडीवानाचं होतं, म्हणून मी हसलो.