शनिवारच्या रेघोट्या

चार म्हातारी माणसं एका टेबलाभोवती बसवा आणि त्यांच्या हातात रंगीत खडू द्या. किस्से गोळा करायला लागत नाहीत, झाडलोट करताना टेबलाखाली सापडतात.

आमच्या वर्तकनगरच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर शनिवारी सकाळी चित्रांचा वर्ग भरतो. चित्रं म्हणजे डोंगर, झोपडी, नारळाचं झाड नव्हे. नुसत्या रेघा, गोल, ठिपके, डाग. मॅडम त्याला ॲबस्ट्रॅक्ट म्हणतात. त्याने मन शांत होतं म्हणे. माझं मन शांतच होतं. मी गेलो धुरीमुळे.

धुरी आणि मी वागळे इस्टेटला एकाच प्रेस शॉपमध्ये होतो. पत्रा दाबून त्याचे भाग काढायचे, हे आमचं काम. तो मालवणकडचा, मी साताऱ्याकडचा. मी कामापुरतं बोलतो. तो माझ्या वाटणीचंही बोलायचा. मशीन बंद पडायचं, धुरी बंद पडायचा नाही! सुपरवायझर म्हणायचा, "मोरे, तुझ्या दोस्ताला पण एक स्विच बसवून घे रे."

गेल्या वर्षी धुरीला झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, गळा ठणठणीत आहे, पण शब्द सापडत नाहीत. माणसांत बसवा, डाव्या हाताला काम द्या, सापडतील कदाचित.

त्याची बायको सुलभावहिनी माझ्या घरी आल्या. "भाऊजी, तुम्ही वर्गाला आलात तर हे येतील. एक शब्द बोलले तरी मला पुरे."

त्या बाईने कधी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी शनिवारी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून हजर झालो.

*

मॅडम म्हणजे माझ्या नातीच्या वयाची मुलगी. पहिल्याच दिवशी तिने सांगून टाकलं, "इथे कुणाचंही काहीही चुकत नाही."

मला हे पटलं नाही. आमच्या शॉपमध्ये सूतभर इकडे-तिकडे झालं तरी अख्खा माल परत यायचा. आणि इथे चुकतच नाही म्हणे!

"पेन्सिल टेकवा," मॅडम म्हणाल्या, "आणि न उचलता रेघ जाईल तिकडे जाऊ द्या."

मी चष्म्याच्या डबीची कड लावली आणि कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ मारली. पेन्सिल ठेवली. हात बांधून बसलो. बाकीच्यांचं चाललेलंच होतं.

मॅडम आल्या. बराच वेळ बघत राहिल्या. "काका, जरा वळवा की तिला कुठेतरी."

"कशाला? रस्ता मोकळा आहे."

*

नाईककाकू आमच्यात सगळ्यात हौशी. दिवाळीत सगळ्या जिन्यांपुढची रांगोळी त्यांची. पण त्यांचा एक प्रॉब्लेम होता. त्यांनी कुठूनही सुरुवात केली तरी शेवटी गणपती व्हायचा.

मॅडमनी सांगितलं, "वेड्यावाकड्या रेघा ओढा आणि मधल्या जागा रंगवा." काकूंनी ओढल्या. सोंड आली.

"काकू, ॲबस्ट्रॅक्टमध्ये गणपती नको ना."

"अगं, मी कुठे काढला? तो आला!"

पुढच्या शनिवारी फक्त गोल काढायचे होते. लहान-मोठे, एकमेकांत अडकलेले. काकूंच्या मोठ्या गोलाला पोट म्हणतात हे लांबूनसुद्धा कळत होतं. वर दोन कान होते.

मॅडम हट्टाला पेटल्या. त्याच्या पुढच्या शनिवारी त्यांनी जाहीर केलं, "आज फक्त त्रिकोण. गोल नाही, वळण नाही, काही नाही!"

काकू मान खाली घालून मन लावून बसल्या. मॅडम मुद्दाम तिकडे फिरकल्या नाहीत. शेवटी कागद गोळा करताना बघतात तर काय, ताटभर मोदक!

"काकू!"

"गणपती नाही काढला हं," काकू म्हणाल्या. "नुसता नैवेद्य आहे."

*

करंदीकर विमा ऑफिसातून रिटायर झालेले. आधी डोंबिवलीत राहायचे, कोपरला. आता मुलीजवळ म्हणून ठाण्यात. त्यांना प्रत्येक गोष्टीत पहिलं यायचं असतं. पहिल्या दिवशी विचारलं, "मॅडम, याला मार्क कशावर देतात?" मार्क नाहीत म्हटल्यावर तोंड उतरलं.

एकदा डोळे मिटून चित्र काढायचं होतं. मॅडमनी सांगितलं, "हात मोकळा सोडा. कागदाकडे बघायचंच नाही."

सगळ्यांनी डोळे मिटले. मी मिटले नाहीत. चार माणसांत बसून मी डोळे मिटत नाही. त्यामुळे मला जे दिसलं ते दुसऱ्या कुणाला दिसलं नाही.

करंदीकरांचा एक डोळा हळूच उघडला. तो त्यांच्या स्वतःच्या कागदाकडे गेला नाही. तो गेला शेजारी, नाईककाकूंच्या कागदाकडे. आणि मग हे गृहस्थ काकूंची एकेक रेघ बघून उतरवायला लागले!

"करंदीकर," मी म्हटलं, "अहो, ज्यांचं बघताय त्यांना तरी दिसतंय का?"

*

धुरी वर्गात यायचा आणि बसायचा. वहिनी त्याच्या डाव्या हातात खडू द्यायच्या. तो थोडा वेळ धरायचा, मग खडू घरंगळायचा. वहिनी वाकून उचलायच्या, परत द्यायच्या. त्याचा कागद कोराच राहायचा.

मॅडम मनाने चांगल्या. त्या कोऱ्या कागदाकडे बघून म्हणाल्या, "असू दे. रिकामी जागा हासुद्धा चित्राचा भाग असतो."

करंदीकरांनी लगेच ब्रश खाली ठेवला. "अहो, मग मी घरी बसूनच काढतो की!"

सगळे हसले. वहिनीही हसल्या. मी धुरीकडे बघितलं. पूर्वीचा धुरी असता तर यावर करंदीकरांच्या सात पिढ्यांचे कपडे काढले असते, तेही मालवणीत. तो खिडकीकडे बघत होता. वहिनींनी तो कोरा कागद घडी न पाडता पिशवीत ठेवला. घरी नेला.

*

जलरंगांच्या दिवशी टेबलावर पाण्याचे ग्लास आणि चहाचे ग्लास एकत्र आले. व्हायचं तेच झालं. नाईककाकूंनी ब्रश करंदीकरांच्या चहात बुडवला आणि ओल्या कागदावर सोडला. असा सुंदर बदामी डाग पसरला की विचारू नका.

मॅडम धावत आल्या. "वा! काकू, हा शेड कसा मिळवलात? कुठले दोन रंग मिसळले?"

काकू गोंधळल्या. करंदीकर आपल्या ग्लासात डोकावून बघत होते.

"नाक्यावरचा आहे," ते म्हणाले. "आलं जरा कमी आहे आज."

*

एका शनिवारी मॅडम आम्हाला बाहेर घेऊन गेल्या. कागद खडबडीत जागेवर धरायचा आणि वरून खडू घासायचा. खालची नक्षी वर उमटते. झाडाचं खोड, भिंत, गटाराचं झाकण, काहीही चालतं. मी म्हटलं, मग वागळे इस्टेटला चला. तिथल्याइतकं खडबडीत ठाण्यात दुसरं काही नाही. माझ्या मनात दुसरं होतं. धुरीला शॉपची जागा दाखवायची होती. जागा बघून बोलेल, असं मला वाटलं होतं. वहिनींनाही वाटलं असणार, कारण त्यांनी त्याला नवीन शर्ट घातला होता.

जागा सापडायला वेळ लागला. शॉप नाही, शेड नाही, समोरची चहाची टपरी नाही. तिथे काचेची बिल्डिंग उभी आहे. गळ्यात पट्टे घातलेली पोरं कॉफीचे ग्लास घेऊन आत-बाहेर करतात. काच इतकी गुळगुळीत की घासायला काही नाही. फक्त कोपऱ्यात कंपाउंडचा एक जुना दगडी खांब उरला होता. आमच्या गेटचा. मी त्यावर कागद धरला आणि खडू घासायला लागलो.

सिक्युरिटीवाला धावत आला. "ओ काका, क्या कर रहे हो? यहाँ अलाऊड नहीं है."

"मी इथे काम केलंय," मी म्हटलं. "हा पण इथलाच. आमची सगळी नोकरी इथे झाली."

त्याने आम्हा दोघांकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. आवाज जरा मऊ झाला. "अच्छा? कौन से फ्लोर पे?"

"जमिनीवर," मी म्हटलं.

धुरी काही बोलला नाही. परत येताना रिक्षात वहिनी त्याच्या नवीन शर्टाची कॉलर सारखी करत राहिल्या.

*

त्यानंतर वहिनी म्हणायला लागल्या, "भाऊजी, उगाच तुमचा शनिवार जातो. हे काही आता..." मी त्यांना पुढे बोलू दिलं नाही. "शनिवारी मला दुसरं काय काम आहे?" असं म्हणून विषय संपवला. पण महिनाअखेर वर्ग सोडायचं त्यांनी ठरवलं होतं. मॅडमना तसं सांगूनही झालं होतं.

त्या महिन्यातला शेवटचा शनिवार. मॅडमना आवाजाचं चित्र करून घ्यायचं होतं. समुद्राचा आवाज, पक्ष्यांचा आवाज ऐकायचा आणि कागदावर जे उमटेल ते उमटू द्यायचं. स्पीकर आणला होता, तो सुरूच होईना. करंदीकरांनी उघडून बघितला, मग तर अजिबातच होईना!

"ठीक आहे," मॅडम म्हणाल्या, "टेबल वाजवा. एकेकाने आवाज काढायचा, बाकीच्यांनी तो कागदावर काढायचा."

नाईककाकूंनी आरतीचा ठेका धरला. करंदीकरांनी बोटांनी पाऊस पाडला. मग माझी पाळी.

मला गाणं-बजावणं येत नाही. मला एकच आवाज पाठ आहे. मोठा पत्रा असला की प्रेसवर दोघं लागायचे. पत्रा आत सरकवायचा मी, पेडल धुरीच्या पायाखाली. पेडल दाबण्याआधी तो दर वेळी ओरडायचा. तो ओरडला की माझे हात बाहेर. दर वेळी म्हणजे दर वेळी. भांडण झालेलं असलं, अबोला असला, तरी ओरडायचा. आमच्या शॉपमध्ये बऱ्याच जणांची बोटं गेली. माझी सगळी शाबूत आहेत.

मी दोन्ही हात टेबलावर पसरले. धाड. मग पत्रा सरकवायला लागतो तेवढा वेळ. परत धाड. परत तेवढाच वेळ. टेबलावरचे ग्लास हलायला लागले.

पहिल्यांदा वहिनींनी बघितलं. धुरीच्या डाव्या हातातला खडू घरंगळला नव्हता. मी धाड केलं की त्याच्या कागदावर एक काळा ठसठशीत ठिपका. परत धाड, परत ठिपका, एका ओळीत. काकूंनी आपला खडू ठेवला. करंदीकरांनीही ठेवला. मॅडम होत्या तिथेच उभ्या राहिल्या.

मी थांबलो नाही. दिवाळीआधी ओव्हरटाइम लागायचा तेव्हाच्या वेगाने सुरू केलं. धाड, सरकव, धाड, सरकव. धुरीचा खडू मोडला. तो उरलेल्या तुकड्याने मारत राहिला. मग त्याने तुकडाही टाकला. टेबलाखाली त्याचा पाय हलल्याचं मला कळलं.

"हात काढ, मेल्या!"

करंदीकर दचकून दाराकडे बघायला लागले. "कोण? कोण ओरडलं?"

माझे दोन्ही हात टेबलावरून कधीच वर गेले होते.