आग्या मोहोळ आणि कालव्याचा रस्ता

आक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. लग्न झाल्यावर मी नवऱ्याबरोबर तमिळनाडूत गेले. आमच्या विट्याकडची माणसं सोनं गाळायच्या धंद्यापायी देशभर पांगली आहेत, त्यातलेच आम्ही. थोरले दीर फौजेत असल्यामुळं आक्का गावीच राहिल्या. पुढं दुकान पुतण्याच्या हवाली करून आम्ही कायमचे परत आलो, तेव्हा तिकडची एक सवय माझ्याबरोबर आली. ती म्हणजे सायकल. तिकडं आजीच्या वयाच्या बायाही सायकलवर बाजार करून येत, मीही शिकले होते. इथं येऊन सायकल घेतली तर आक्का दारात उभ्या राहून बघायच्या आणि एक दिवस म्हणाल्या, "मला बी शिकीव की गं."

आक्कांनी पन्नाशी ओलांडली होती. नातवंडांची स्वप्नं बघायच्या वयात ही बाई गुडघे फोडून घेत परड्यात सायकल शिकली. पण रस्त्यावर यायची सोय नव्हती. कराडच्या रस्त्याला एकदा गेलो आणि मागून दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा उसाचा ट्रॅक्टर अंगावर आला. आक्का सायकलीसकट चारीत. वर ड्रायव्हर हसून गेला. त्या दिवसापासून डांबरी रस्ता बंद.

आक्कांची लेक नोकरीसाठी फ्रान्समध्ये असते. तिनं एकदा फोनवर तिकडचा रस्ता दाखवला. जुनी रेल्वे बंद पडल्यावर रूळ उपसून त्याच जागी बारीक खडी पसरलेली. दोन्ही बाजूंना शेतं, झाडी, आणि गाडीला पूर्ण मज्जाव. म्हातारी जोडपी सायकलवर निवांत चाललेली. आक्कांनी ते दोनदा बघितलं. म्हणाल्या, "असला रस्ता आपल्याकडं बी हाय की. कॅनॉलचा."

खरंच होतं. आमच्या माळरानावर गेल्या काही वर्षांत कालव्याचं पाणी आलं, आणि कालव्याच्या भरावावर तपासणीसाठी मुरमाचा रस्ता केलेला. त्यावर पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याची मोटरसायकल सोडली तर चाक फिरकत नाही. एका अंगाला सिमेंटच्या अस्तरातून सरळ वाहणारं पाणी, दुसऱ्या अंगाला खाली द्राक्षबागा, डाळिंबं, आणि जिथं पाणी पोचलं नाही तिथं तसाच उघडा माळ. चाकाखाली मुरूम करकरायचा, तेवढाच आवाज. बघायला कोणी नाही म्हणून आक्का मोकळ्या होत. उतारावर ब्रेक न दाबता ओरडत सुटत. मी त्यांना इतकं मोठ्यानं हसताना घरात कधी पाहिलं नव्हतं.

त्या सकाळी उन्हाळ्याचं पाणी सुटलं होतं, कालवा काठोकाठ. ओढ्यावरून कालवा जिथं पुलावर चढतो, त्या पुलाच्या पोटाला आग्या मोहोळं लोंबत असतात हे आम्हांला ठाऊक होतं. तिथून आम्ही नेहमी गुमान जायचो. त्या दिवशी आम्ही पुलाच्या तोंडाशी असतानाच एक घार खाली सूर मारून गेली. मोहोळावर झडप घातली असणार. क्षणभर काहीच झालं नाही. मग पुलाखालून काळा धूर उठावा तसं काहीतरी वर आलं आणि तो धूर घोंघावायला लागला.

मी मागं होते. पुढं आक्कांचं डोकं मला दिसेनासं झालं. केसांच्या जागी नुसत्या हलणाऱ्या माश्या. त्या किंचाळल्या, सायकल सोडली, ती घसरत पाण्यात गेली, त्या पूल ओलांडून पलीकडं धावल्या आणि धावता धावता कालव्यात गेल्या. उडी घेतली की तोल गेला, हे त्यांनाही सांगता येत नाही.

मी जागच्या जागी थिजले. पाय जमिनीला, हात हँडलला. आक्का लहानपणी माहेरच्या विहिरीत पोहायला शिकलेल्या, त्यामुळं बुडाल्या नाहीत. पण विहीर वेगळी आणि कालवा वेगळा. त्या काठाला आल्या, सिमेंटवर हात टाकला, हात शेवाळावरून घसरला. पुन्हा टाकला, पुन्हा घसरला. पाणी त्यांना ओढत पुढं घेऊन चाललं होतं. काठ हातभर अंतरावर आणि बाईला बाहेर पडता येत नाही.

पहिली माशी माझ्या कानाला चावली तेव्हा मी भानावर आले. पुढं थोड्या अंतरावर कालव्यात उतरायच्या पायऱ्या होत्या, आम्ही तिथं बसून शेंगा खायचो. मी ओढणी डोक्याला गुंडाळली आणि सायकल हाणली. अशी सायकल मी आयुष्यात कधी मारली नाही. मुरमात मागचं चाक सरकत होतं, माश्या पाठीवर, मानेवर, आणि शेजारी पाण्यात आक्कांचं डोकं. ते मागं पडलं तेव्हा जीव आणखी घाबरला, कारण आता त्या दिसतही नव्हत्या.

पायऱ्यांपाशी सिमेंटात रोवलेली एक लोखंडी कडी होती. डोक्याची ओढणी सोडून तिचं एक टोक कडीला बांधलं, दुसरं मनगटाला, आणि कमरेइतक्या पाण्यात उतरले. पाणी पाय उचलत होतं. आक्का येताना दिसल्या. त्या काहीतरी ओरडत होत्या. मला ऐकू आलं, "ये गं! ये गं!" मी आणखी एक पायरी खाली गेले आणि त्यांच्या पोलक्याची बाही हाताला लागली.

बाही टरकली. मग दंड हातात आला. ओढणी काचली, मनगट सोलून निघालं, पण आम्ही दोघी पायरीवर पडलो. पूल मागं पडल्यामुळं माश्या तिथवर फार आल्या नव्हत्या. आक्कांचा चेहरा माझ्या डोळ्यांदेखत फुगत गेला, डोळे मिटले, ओठ उलटले. आणि त्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथवर एकही माणूस नव्हता. ज्या एकांतासाठी आम्ही इथं यायचो त्याची मला भीती वाटली. माझा मोबाइल सायकलच्या पिशवीत कोरडा राहिला होता. मी नवऱ्याला फोन लावला. मला फक्त "आक्का, आक्का" एवढंच म्हणता येत होतं. "कुठं हायसा? अगं कुठं हायसा ते तर सांग!" ते ओरडत होते. शेवटी मी कसंबसं "पूल" म्हणाले.

ते पाटकऱ्याला घेऊन मोटरसायकलींवर आले. विट्यात इंजेक्शनं झाली, पण आक्कांचा श्वास घुरघुरायला लागला म्हणून कराडला हलवलं. तिथं डॉक्टर नांग्या चिमट्यानं उपसत राहिले. फौजेतून निवृत्त झालेले थोरले दीर आले तेव्हा मी भिंतीला चिकटून उभी राहिले. सीमेवर राहिलेला, कडक आवाजाचा माणूस. आता आम्हां दोघींचं काही खरं नाही, असं वाटलं. त्यांनी आत जाऊन आक्कांना पाहिलं, बाहेर येऊन दवाखान्याच्या जिन्यात बसले आणि मोठ्यानं रडले. मला या घरात येऊन एवढी वर्षं झाली, त्यांचे डोळे ओले झालेले मी कधी पाहिले नव्हते. त्या सबंध दिवसात मी सगळ्यात जास्त कधी हबकले असेन तर तेव्हा.

आक्कांना तिसऱ्या दिवशी नीट बोलता यायला लागलं. पहिलं वाक्य मला रागावून, "तुला सांगत हुते तरी पाण्यात का उतरलीस?"

"तुमीच तर बोलवत हुता, आक्का. ये गं, ये गं म्हणून."

त्या माझ्याकडं सुजल्या डोळ्यांच्या फटीतून बघत राहिल्या. "येडे, येऊ नगं म्हणत हुते मी. येऊ नगं, येऊ नगं. दोघी गेलो असतो तर पोरांनी कुणाच्या तोंडाकडं बघायचं?"

नर्स आली, सलाईन बदलून गेली, तरी मी त्यांचा हात धरून तशीच.

पाणी बंद झाल्यावर पाटकऱ्यानं आक्कांची सायकल खाली कालव्याच्या दरवाजाच्या जाळीत अडकलेली काढून दिली. रिंग वाकडी, सीट गायब. थोरल्या दिरांनी ती भंगारात घालावी अशी माझी मनोमन इच्छा होती. त्यांनी दुकानात नेऊन नीट करून आणली आणि परड्यात लावून ठेवली.

आक्का पुन्हा जायला लागल्या, पुलाच्या अलीकडून परत फिरतात. मी मात्र बरेच महिने गेले नाही. शेजारच्या बागेत औषध फवारायचा पंप घोंघावायला लागला की हातातलं भांडं खाली पडायचं. घरातले हसायचे, आक्का हसत नसत. एक दिवस त्यांनी माझी सायकल काढली, हवा भरली आणि म्हणाल्या, "चल, माळापतूर तरी चल. मी पुढं हुते." मी निघाले. भरावावर चढलो तेव्हा कालवा कोरडा होता, तळाला चिखल आणि त्यात बगळे. मी सारखी ब्रेक दाबत मागं पडत होते. आक्कांनी मागं वळून पाहिलं, वेग कमी केला, आणि माझ्या शेजारी शेजारी चालवत राहिल्या.