सुताच्या टोकाच्या दोन चिठ्ठ्या

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. घरात नाही, स्टाफरूममध्ये नाही, देवापुढेही नाही — तिथे तर मी नुसती मागतच आले. पण परवा ममता येऊन गेली, आणि तेव्हापासून घास गोड लागत नाही.

ममता माझी विद्यार्थिनी, देडतलाई गावची. बुऱ्हाणपूरच्या शाळेत मी पंचवीस वर्षं भूगोल शिकवला. नववीत असताना तिने जिल्ह्याच्या प्रदर्शनासाठी एक तक्ता केला — कोणता देश किती कॉफी बाहेर पाठवतो आणि वर्षानुवर्षं ते कसं बदललं. विषय मीच दिलेला. मी स्वतः चहावाली. कॉफी म्हणजे लग्नातली फेसाळ, एवढीच माझी ओळख! तिने कापडाच्या लूमवरचं उरलेलं सूत आणलं, चहाच्या पाण्यात रंगवलं आणि थर्मोकोलवर टाचण्या टोचून तीन रेषा ओढल्या. टोकाला चिठ्ठ्या — ब्राझील, व्हिएतनाम, कोलंबिया. काय सुरेख दिसत होता! त्या तक्त्यापायी पोरगी दोन आठवडे शेवटच्या बसने घरी जात होती.

आदल्या संध्याकाळी ती बससाठी पळाली आणि मी तक्त्यापुढे उभी राहिले. कोलंबिया तिसरा? मी तर इतकी वर्षं दुसरा म्हणून शिकवत होते. नवं पुस्तक उघडता आलं असतं. सकाळी तिलाच विचारता आलं असतं. पण ही पोर मला शिकवणार? — हेच मनात आलं, दुसरं काही नाही. मी व्हिएतनाम आणि कोलंबियाच्या चिठ्ठ्या काढल्या आणि — किती वेळ लागतो? — अदलाबदल करून चिकटवल्या. सूत कुठून निघून कुठवर चढलंय, ते पाहिलंच नाही. टोकं तेवढी पाहिली.

दुसऱ्या दिवशी परीक्षक तिथेच थांबले. तळातून चढत वर आलेली रेषा तर व्हिएतनामची, मग इथे कोलंबिया कसं, असं त्यांनी विचारलं. ममता तक्त्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. तेव्हा मी बोलायला हवं होतं ना? बोललेच की मी. म्हणाले, "किती वेळा सांगितलं हिला, चिठ्ठ्या तपासून लाव म्हणून."

तक्ता पुढे राज्याच्या प्रदर्शनाला, भोपाळला, गेला नाही. परतताना मी तिला मावा जिलबी घेऊन दिली, डोक्यावरून हात फिरवला. ती रडत रडत म्हणाली, "सॉरी मॅडम, मी तुमचं नाव खराब केलं." आणि मी — मी हात फिरवतच राहिले. माया खोटी नव्हती हो. तेच तर सोसत नाही.

परवा ती शनवारा मोहल्ल्यातल्या माझ्या घरी आली. लेकीच्या शाळेसाठी नकाशा काढला होता, तो दाखवायला. "तुम्ही एकदा बघून द्या ना मॅडम. माझ्या हातून उलटंपालटं होतं, तुम्हाला तर माहीतच आहे. कॉलेजात भूगोल घ्यायचा होता, पण त्या दिवशीच समजलं, आपलं डोकं त्यात चालत नाही." हे ती हसत म्हणाली. खरंच हसत.

मी चष्मा लावून नकाशा पाहिला. नद्या, सीमा, नावं — एकही चूक नव्हती. तसं मी तिला सांगितलं.

चिठ्ठ्यांचं नाही सांगितलं.